मालमोटारीच्या चाकांची झळाळी

ज्यांनीं उभा जन्म मुलांकडून शब्दरूपें व धातुरूपें घोकवून घेण्यांत घालविला, त्यांनीं उतारवयांत मालमोटारीच्या टायरांस लावावयाच्या लेपांविषयीं लिहावयास बसावें, याचें वाचकांस हसूं येईल. येऊं द्यावें. आमच्या घरीं तिघां भावांचे संसार एका चुलीवर आहेत. धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांनीं नोकरीच्या मागें न लागतां दहा चाकांचा एक ट्रक घेतला, आणि सांगलीच्या पेठेंतून हळद व गूळ वाहण्याचा धंदा पत्करला. नोकरी सोडून ट्रक घ्यावा कीं काय, यावर माजघरांत जी चर्चा झाली ती येथें देण्याचें कारण नाहीं. ट्रक दारांत उभा राहूं लागला, आणि हळूहळू घरांतील सर्वच माणसें त्याच्या काळजींत वांटेकरी झालीं.

खंडेनवमीस पूर्वीं आमच्या घरीं विळी, पहार, कोयता यांची पूजा होई. आतां तींत ट्रकाची भर पडली. आदल्या दिवशीं तो धुऊनपुसून, झेंडूच्या माळा लेवून दारांत येतो. पहिल्या वर्षीं तो आला तेव्हां त्याचीं चाकें अशीं काळींभोर दिसत होतीं, कीं जणूं कालच कारखान्यांतून निघालीं असावींत. जवळ जातांच मात्र खनिज तेलाचा भपकारा आला. विचारतां पुतण्या म्हणाला, "काका, गाडी धुणारा डिझेलचा फवारा मारतो, आणि वरून जळक्या ऑइलचा बोळा फिरवितो. पांच मिनिटांचें काम!" रस्त्याच्या कडेस गाड्या धुणारांपैकीं कित्येकांची ही रीतच आहे, असें मागाहून कळलें.

आम्हांस रसायनशास्त्र तें कितीसें येणार! पण विज्ञानाचे शिक्षक रजेवर गेले म्हणजे त्यांचा तास आमच्या गळ्यांत पडे. तेवढ्या पुंजीवर आम्हीं एक प्रयोग केला. दोन बाटल्या घेतल्या. एकींत पाणी व दुसरींत डिझेल ओतलें, आणि दोहोंत एकाच पुडक्यांतील एकेक रबराचें कडें सोडलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं घरांतील मुलांना जमवून तीं बाहेर काढलीं. पाण्यांतलें होतें तसेंच होतें. डिझेलमधलें फुगून लांब झालें होतें, बोटांना लिबलिबीत लागत होतें, आणि जरा ताणतांच तुटलें. कारण उघड आहे. नैसर्गिक रबर आणि खनिज तेल हीं दोन्हीं कर्ब व उद्‌जन यांचींच बनलेलीं. तेलाचे कण रबराच्या सांखळ्यांत शिरतात आणि त्यांची आपसांतली मिठी सैल करतात. टायरावर बोळा फिरविणें म्हणजे त्याला रात्रभर तेलांत बुडविणें नव्हे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु महिन्यांतून दोन वेळां, वर्षानुवर्षें, हाच क्रम चालला तर त्याचें फळ चांगलें कसें येईल?

शिवाय ट्रकाच्या टायरांत नैसर्गिक रबराचें प्रमाण मोटारगाडीच्या टायरांपेक्षां अधिक असतें. आणि त्याचा संसारहि निराळा असतो. मोटारगाडीचा टायर झिजला म्हणजे बहुधा टाकून देतात. ट्रकाच्या टायराचा रस्त्याला टेकणारा पट्टा झिजला, तर त्याच सांगाड्यावर नवा पट्टा चढवून तो पुन्हा चालवितात. यालाच धंद्यांत रिट्रेड करणें म्हणतात. म्हणजे पट्टा एका जन्मापुरता, पण बगल दोन-तीन जन्मांची सोबतीण. त्या बगलेलाच डिझेल पाजावयाचें, हा व्यवहार कोणत्या शहाणपणाचा?

आमच्या लहानपणीं बैलगाडीच्या चाकास तुंबा, आरे आणि त्यांभोंवतीं लोखंडी धांव असे. गाडीवान वंगण घाली तें तुंब्याच्या आंत, आंसाला; धांवेला तेल लावून ती चमकविण्याचें त्याच्या स्वप्नींहि येत नसे. धांव चमके ती रस्त्यावर घासून. संस्कृतांत नाभि, अर आणि नेमि असे चाकाच्या अवयवांना सुंदर शब्द आहेत. पण नेमीला अलंकार घालण्याची पाळी पूर्वीं कोणावर आलेली दिसत नाहीं. असो.

टायर मुळांत काळा नसतो, ही गोष्ट आम्हांस याच नादांत प्रथम कळली. रबराच्या चिकाचा रंग पांढरा, आणि आरंभींचे टायरहि फिकट रंगाचे असत. मिशेलिन कंपनीच्या जाहिरातींत 1898 पासून दिसणारा टायरांचा गुबगुबीत माणूस पांढरा आहे, त्याचें कारण हेंच. पुढें 1904 च्या सुमारास लंडनजवळच्या सिल्व्हरटाऊन येथें रबरांत काजळी मिसळली असतां तें किती तरी बळकट होतें असें आढळलें, आणि तेव्हांपासून टायरांचा वर्ण हळूहळू पालटला. ही काजळी झीज कमी करते, आणि सूर्यप्रकाशांतील अतिनील किरण स्वतःच शोषून घेऊन रबराचें रक्षणहि करते. म्हणून एखाद्या बाटलीवर "उन्हापासून टायराचें रक्षण" असें मोठ्या अक्षरांत छापलेलें दिसलें, तर तें काम टायर बनविणारानें आधींच पुष्कळ अंशीं करून ठेवलें आहे, हें ध्यानांत घ्यावें.

मग टायर तपकिरी कां पडतो? धुळीमुळें, हें एक उत्तर. पण पुरतें नव्हे. हवेंतील ओझोन वायु ताणलेल्या रबरास भेगा पाडतो. त्याला अडविण्यासाठीं टायरांत मेण आणि 6 पीपीडी नांवाचें एक द्रव्य घातलेलें असतें. चाक फिरतें, बगल दबते व सुटते, त्याबरोबर हीं द्रव्यें आंतून पृष्ठभागावर येतात, आणि 6 पीपीडी हवेशीं संयोग पावून तपकिरी होतें. म्हणजे ज्याला आपण मळ म्हणून नाक मुरडतों, त्यांतला कांहीं भाग टायराच्या चिलखताचा आहे! तो धुतला म्हणून लगेच अनर्थ होत नाहीं. आंतून नवा येत राहतो. पण रोज रोज तीव्र द्रव्यांनीं घासून काढण्यांत अर्थ नाहीं. जातां जातां आणखी एक सांगावेंसें वाटतें. हें द्रव्य ओझोनशीं मिळून जें रूप घेतें, तें कोहो जातीच्या सामन माशांना अत्यंत मारक आहे, असें अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांतील संशोधकांनीं 2020 सालीं दाखविलें. आपल्या कृष्णेंत सामन नाहीं खरा. तथापि नदीच्या पात्रांत ट्रक उतरवून धुण्याची जी चाल आहे, ती आम्हांला तेव्हांपासून अधिकच खुपूं लागली आहे.

आतां लेपांकडे वळूं. दुकानांत नांवें अनेक आणि बाटल्यांचे आकार त्याहून अनेक. पण कुळें दोनच. दोहोंत चमक देणारें मुख्य द्रव्य बहुधा सिलिकोनचें तेल असतें. भेद आहे तो त्याला वाहून नेणाऱ्या पातळ द्रव्याचा. एका कुळांत तें पेट्रोलियमच्या अर्कांत मिसळलेलें असतें. हा लेप पारदर्शक, उग्र वासाचा, आरशासारखी चमक देणारा आणि पावसांतहि बराच काळ टिकणारा. त्याच्या डब्यावर बहुधा ज्वाळेचें चिन्ह असतें. दुसऱ्या कुळांत तें पाण्यांत घोटलेलें असतें. हा लेप दुधासारखा पांढरा, वास सौम्य, चमक मंद, नव्या टायरासारखी. तो लवकर धुऊन जातो, पण त्यांत रबराला फुगविणारा अर्क नसतो. दुकानदाराच्या बोलण्यावर न विसंबतां घरीं पारख करावयाची असेल तर पेलाभर पाण्यांत चार थेंब टाकावे. पाण्याच्या कुळांतला मिसळून पाणी दुधाळ करील. दुसरा वर तरंगत राहील. आमचा कौल पाण्याच्या बाजूनें आहे, आणि तो कौल आम्हांस सुखासुखीं मिळालेला नाहीं.

दुसऱ्या वर्षीं डिझेल बंद करून चांगला लेप निवडण्याचें काम आम्हीं मोठ्या हौसेनें अंगावर घेतलें. दुकानांत गेलों, आणि सर्वांत अधिक चमकणारा नमुना पाहून भुललों. तो पहिल्या कुळांतला होता, फवाऱ्याच्या डब्यांत. घरीं येऊन नातवंडांच्या देखत आम्हीं स्वतः तो मारला; बगलेवर मारला, खांद्यावर मारला, आणि कांहीं वाऱ्यानें मडगार्डावरहि उडाला. ट्रक असा झळकला कीं आळींतलीं माणसें पाहावयास आलीं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीं पहांटे माल भरला गेला. ट्रकाचा क्लीनर, एक एकोणीस वर्षांचा मुलगा, ताडपत्रीची दोरी आवळण्यासाठीं नेहमींप्रमाणें मागच्या चाकावर पाय देऊन वर चढला. चाकाच्या खांद्यावरून त्याचा पाय लोण्यावरून सरकावा तसा सरकला, आणि तो उजव्या हातावर पडला. मनगटाचें हाड मोडलें. सहा आठवडे हात गळ्यांत होता. औषधपाण्याचा व पगाराचा भार पुतण्यानें उचलला, पण त्या मुलाच्या आईसमोर जाऊन "हा दोष आमचा" असें सांगण्याचें काम आम्हांसच करावें लागलें. ती माउली म्हणाली, "मास्तर, तुम्ही काय मुद्दाम केलंत?" हें उत्तर ऐकून आम्हांस जें वाटलें तें लिहून दाखवितां येणार नाहीं.

मोटारगाडीच्या चाकावर कोणी चढत नाहीं. ट्रकाच्या चाकावर क्लीनर चढतो, हमाल चढतो, कधीं चालकहि चढतो. चाक हीच त्यांची शिडी असते. ही साधी गोष्ट कोणत्याहि बाटलीवर आम्हांस छापलेली आढळली नाहीं. त्याच फवाऱ्याचा दुसरा प्रसाद पुढें महिन्याभरानें मिळाला. मडगार्डावर नक्षी काढण्यासाठीं रंगारी आला, तर त्याचा रंग तेथें धरेना. लावतां लावतां माशाच्या डोळ्यांसारखीं गोल छिद्रें पडत. त्यानें बोट फिरवून पाहिलें आणि विचारलें, "इथं सिलिकोन कोणी मारलंय?" आम्ही गप्प बसलों.

तेव्हांपासून आमच्या घरीं हें काम कसें होतें तें सांगतों. ट्रक सपाट जागीं, सावलींत उभा करून चाकांना ओट लावतात, आणि टायर हातास थंड लागेपर्यंत थांबतात. तापल्या रबरावर लेप डागडागांनीं वाळतो. मग पाण्याची धार, सौम्य साबण आणि ताठ केसांचा ब्रश. तारेचा ब्रश घरांत येऊंच दिलेला नाहीं. पहिला फेस तपकिरी निघतो. पुन्हा साबण लावून घासलें म्हणजे पांढरा निघूं लागतो, तेथें थांबावें. धुण्याचा हा भाग कंटाळवाणा म्हणून लोक टाळतात आणि मळावरच लेप फांसतात. मग तो दोन दिवसांत तपकिरी होऊन निघतो, आणि दोष बाटलीला मिळतो.

टायर कोरडा झाला म्हणजे लेपाच्या आधीं आम्ही चष्मा लावून प्रत्येक बगल पाहतों. आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती हीच घटका. कोठें चीर गेली आहे काय, फुगवटा आला आहे काय, जुळ्या चाकांच्या मध्यें दगड अडकला आहे काय, हें स्वच्छ टायरावर लख्ख दिसतें. लेप चढल्यावर बारीक भेगा झांकल्या जातात. बगलेवर चार आंकडे असतात तेहि वाचावे: 2319 असें असेल तर तो टायर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यांतला. गेल्या वर्षीं मागच्या डाव्या चाकावर बोटभर फुगवटा सांपडला. डिझेलच्या काळ्या थराखालीं तो कोणास दिसला असता? पुतण्यानें कुरकुर न करतां त्याच दिवशीं टायर बदलला.

लेप लावावयाचा तो हातांतल्या स्पंजानें, फवाऱ्यानें नव्हे. पातळ, आणि बगलेच्या मधल्या भागालाच. खांदा कोरडा ठेवावा, रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याला तर थेंबहि लागूं नये. ब्रेकचे ड्रम, चाकाचे नट, चढण्याची पायरी यांपासून स्पंज दूर. दहा-पंधरा मिनिटांनीं कोरड्या फडक्यानें उरलेला लेप पुसून काढावा, नाहीं तर चाक फिरूं लागतांच त्याचे शिंतोडे अंगावर उडतात. चाकें दहा असलीं तरी बाहेरून दिसणाऱ्या बगला सहाच: पुढच्या दोन, मागच्या चार. आंतल्या चार चाकांना लेप लावण्याचा आग्रह आमच्या एका नातवानें धरला होता; त्यास आम्हीं विचारलें, "आंत पाहणार कोण?" तो म्हणाला, "उंदीर." आम्हीं एका बोटाएवढा लेप त्याच्या हातीं दिला.

केवळ साबण-पाण्यावर थांबलें तरी टायराचें कांहीं अडत नाहीं; टायर बनविणारांच्या सूचनांतहि बहुधा तेवढेंच सांगितलेलें असतें. लेप हा सणाचा साज आहे, आणि आम्ही तो वर्षांतून दोनदां, पाडव्याला व दसऱ्याला, करतों.

तो क्लीनर मुलगा अद्याप पुतण्याकडेच आहे. त्याच्यासाठीं ट्रकाच्या बाजूला एक हलकी लोखंडी शिडी अडकवून घेतली आहे. तरी घाईच्या वेळीं तो चाकावरच पाय देतो. मात्र देण्यापूर्वीं खांद्यावर तळहात फिरवून पाहतो, आणि ओसरीवर आम्ही बसलेले असलों तर आमच्याकडे वळून हसतो.