नेट आहे, पण साइट सापडत नाही: जुन्या कॉम्प्युटरचा डीएनएस कसा तपासायचा

ही या भागाची लेखी आवृत्ती. ऐकता ऐकता कमांड टाइप करणं अवघड जातं, म्हणून यावेळी पायऱ्या सुट्या करून लिहिल्यात. कमांड मी बोललो तशाच, उच्चाराप्रमाणे दिल्यात. कॉम्प्युटरवर त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायच्या.

यावेळचा प्रश्न पानशेतहून आलाय. आपल्या एका श्रोत्याच्या मामांचं तिथे झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. विंडोज ७ चा जुना डेस्कटॉप. आधी लँडलाइनचं ब्रॉडबँड होतं, आता मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालतं. फोनवर सगळं उघडतं, पण त्याच हॉटस्पॉटवर डेस्कटॉपला एकही साइट सापडत नाही. कुणीतरी सल्ला दिला, "फॉरमॅट मारावं लागेल, पुण्याला घेऊन जा." पुणं तिथून चाळीसेक किलोमीटर. म्हणजे अख्खा दिवस मोडला, दुकान बंद, सातबारा नि शिष्यवृत्तीसाठी आलेली माणसं परत. शिवाय फॉरमॅटमध्ये इतक्या वर्षांच्या फाइल उडाल्या तर ते नुकसान वेगळंच.

तर आज एवढंच सांगायचंय: साइटचं नाव सापडत नसेल तर लगेच फॉरमॅटकडे धावू नका. दहा-पंधरा मिनिटांत दोष नेमका कुठे आहे ते कळतं.

डीएनएस म्हणजे काय?

फोनमध्ये आपण "आई" असं नाव दाबतो, नंबर फोन शोधतो. इंटरनेटचंही तसंच. तुम्ही साइटचं नाव टाकता, पण कॉम्प्युटरला लागतो तिचा आकडी पत्ता, म्हणजे आयपी ॲड्रेस. नावावरून पत्ता काढून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस.

सुरुवातीला अशी व्यवस्थाच नव्हती. होस्ट्स नावाची एकच यादी असायची, ती अमेरिकेत एका ठिकाणी सांभाळली जायची आणि सगळे तिथून उतरवून घ्यायचे. मशीन वाढली तशी यादी आवरेना. मग १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. गंमत म्हणजे ती जुनी होस्ट्स फाइल अजूनही प्रत्येक विंडोजमध्ये आहे. आज ती आपल्याला लागणार आहे.

पानशेतच्या लोकांना एक गोष्ट वेगळी सांगायला नको. धरण झालं तेव्हा पाण्याखाली गेलेली गावं दुसरीकडे वसली. नाव तेच, ठिकाण नवं. जुन्या ठिकाणाचा पत्ता घेऊन निघालात तर पाण्यापाशी पोचाल. साइटचंही तसंच होतं: नाव कायम राहतं, आयपी बदलतो. जुना कॉम्प्युटर कधीकधी जुनाच पत्ता धरून बसतो.

पायरी १: स्क्रीनवरचा मेसेज वाचा

"सर्व्हर सापडला नाही" किंवा "डीएनएस प्रोब फिनिश्ड" असं काही दिसलं तर नावाचा घोटाळा. "कनेक्शन सुरक्षित नाही" असं दिसलं तर नाव सापडलंय, अडलंय पुढे. अशा वेळी आधी तारीख बघा. मदरबोर्डवरचा बटणासारखा सीआर २०३२ सेल संपला की जुनं मशीन दर वेळी कुठल्यातरी जुन्या वर्षात जागं होतं आणि मग साइटची सर्टिफिकेट त्याला पटत नाहीत. सेल किरकोळ किमतीत मिळतो, बदलून टाका.

पायरी २: रस्ता चालू आहे का?

स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा, राइट क्लिक करून "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" निवडा. काळी खिडकी उघडेल. टाइप करा: पिंग, स्पेस, ८.८.८.८. हा गूगलच्या सार्वजनिक डीएनएस सर्व्हरचा पत्ता. इथे नावाचा संबंधच नाही, थेट आकडा.

उत्तर आलं तर रस्ता चालू आहे, नेट आहे. उत्तर नाही आलं तर आयपी कॉन्फिग ही कमांड द्या, सगळं जोडून. तुमच्या मशीनचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने किंवा हॉटस्पॉटने पत्ता दिलेलाच नाही. मग डीएनएस सोडा, आधी वायर, वाय-फाय, हॉटस्पॉट बघा. पत्ता ठीक असेल तरीही पुढे जा, कारण काही नेटवर्क पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत.

पायरी ३: कोण चुकतंय?

आता एन एस लुकअप, हेही जोडून, मग स्पेस आणि साइटचं नाव. त्यानंतर तीच कमांड पुन्हा, पण शेवटी स्पेस देऊन ८.८.८.८ जोडा. पहिल्यांदा तुमच्या नेहमीच्या सर्व्हरला विचारलं, दुसऱ्यांदा गूगलच्या. उत्तरांवरून असं समजा:

• पहिल्याला उत्तर नाही, दुसऱ्याला आलं: तुमचा ठरलेला डीएनएस सर्व्हर बिघडलाय किंवा चुकीचा भरलाय. पायरी ४ करा.

• दोन्हींना उत्तर आलं, पण ब्राउझर उघडत नाही: दोष मशीनच्या आत आहे. एन एस लुकअप थेट सर्व्हरला विचारतं, मशीनमधली साठवण आणि होस्ट्स फाइल बघतच नाही. म्हणून त्याला दिसतं ते ब्राउझरला दिसत नाही. पायरी ५ करा.

• दोन्हींना नाही, आणि फोनवरही ती साइट नाही: दोष तिकडचा. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक आणि व्हॉट्सॲप काही तास गायब झालं होतं, कारण त्यांचे डीएनएस सर्व्हरच नेटवरून दिसेनासे झाले. तेव्हा कुणी कितीही फॉरमॅट मारला असता तरी उपयोग नव्हता.

पायरी ४: हाताने भरलेला डीएनएस काढा

मामांच्या मशीनमध्ये दोष इथे निघाला, आणि जुन्या कॉम्प्युटरमध्ये तो बऱ्याचदा इथेच निघतो. ब्रॉडबँड बसवताना कुणीतरी त्या कंपनीचा डीएनएस पत्ता हाताने टाकलेला असतो. कंपन्यांचे असे सर्व्हर सहसा फक्त आपल्याच ग्राहकांना उत्तर देतात. हॉटस्पॉट दुसऱ्या कंपनीचा, त्यामुळे मशीन विचारत राहतं आणि तिकडून कुणी बोलत नाही. फोनमध्ये तो जुना पत्ता नसतो, म्हणून फोन मस्त चालतो.

विंडोज आणि आर बटण एकदम दाबा, एन सी पी ए डॉट सी पी एल टाइप करा. चालू कनेक्शनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४, पुन्हा प्रॉपर्टीज. तिथे "ऑब्टेन डीएनएस सर्व्हर ॲड्रेस ऑटोमॅटिकली" निवडा. तरीही जमलं नाही तर ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरून बघा. बदलण्याआधी जुन्या आकड्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

तिथे भलताच अनोळखी पत्ता दिसला आणि तो कुणी भरलाय हे कुणालाच आठवत नसेल तर अँटिव्हायरस चालवा. डीएनएस चेंजर नावाचा व्हायरस नेमकं हेच करायचा. शंभरहून जास्त देशांत सुमारे ४० लाख कॉम्प्युटर त्याने बाधित केल्याचा एफबीआयचा अंदाज होता. टोळी पकडल्यावर त्या सर्व्हरच्या जागी तात्पुरते चांगले सर्व्हर चालवले गेले, ते ९ जुलै २०१२ ला बंद झाले. ज्यांनी मशीन साफ केलं नव्हतं त्यांना त्या दिवसापासून साइट सापडेनात.

पायरी ५: जुने पत्ते पुसा

काळ्या खिडकीत: आयपी कॉन्फिग, स्पेस, स्लॅश, फ्लश डीएनएस (हे दोन शब्द जोडून). साठवलेले पत्ते पुसले जातात.

मग होस्ट्स फाइल. नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टिम ३२, ड्रायव्हर्स, ई टी सी या क्रमाने जा, खाली "ऑल फाइल्स" निवडा. हॅशने सुरू होणाऱ्या ओळी नुसत्या टिपा असतात. बिनहॅशच्या ओळीत अडलेल्या साइटचं नाव दिसलं तर त्या ओळीच्या आधी हॅश टाका आणि सेव्ह करा. ओळ पुसू नका, गरज पडली तर परत आणता येते. शेवटी मशीन रीस्टार्ट करा.

मराठी नावाची साइट असेल तर

डॉट भारत ही देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतात. पण डीएनएसच्या आत नाव इंग्रजी अक्षरांतच फिरतं. "भारत" चं तिथलं रूप आहे एक्स एन, दोन डॅश, एच २ बी आर जे ९ सी. ब्राउझर हे रूपांतर गुपचूप करतो, जुन्या विंडोजची काळी खिडकी करत नाही. म्हणून तिथे देवनागरी नाव टाकून उत्तर नाही आलं तर साइट बंद आहे असं समजू नका.

आणि एक सावधगिरी

नाव सापडलं म्हणजे मशीन सुरक्षित झालं असं नाही. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. क्रोमची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती. झेरॉक्स, टायपिंग, प्रिंटसाठी मशीन खुशाल वापरा, पण लोकांचे आधार आणि बँकेचे व्यवहार त्यावर नकोत. मशीन धडधाकट असेल तर फाइलचा बॅकअप घेऊन हलकं लिनक्स टाकता येतं. त्यावर एक वेगळा भाग करूया.

तोवर कुणी "फॉरमॅट मारा" म्हणालं तर आधी विचारा, "८.८.८.८ ला पिंग जातंय का?" पुढचं काम निम्मं तिथेच होतं. अडलात तर व्हॉइस नोट पाठवा, सोबत काळ्या खिडकीचा फोटोही. भेटू पुढच्या भागात!