सुई मारा, पण कोणती?

“सिस्टर, एक सुई मारा, उद्या कामाला जायचंय.” नर्स म्हणून काम करताना हे वाक्य किती वेळा ऐकले, त्याची मोजदाद नाही. आपल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून ऊसतोडीला जाणारी माणसे चार-पाच महिने वाकून कोयता चालवतात, डोक्यावर मोळ्या वाहतात. मान, खांदे, कंबर आखडते. मग दुखणे दाबणारे इंजेक्शन घ्यायचे आणि पुन्हा फडात!

फिजिओथेरपीत मात्र एक वेगळी सुई वापरतात. तिच्यात औषधच नसते, म्हणून या उपचाराला ‘ड्राय नीडलिंग’, म्हणजे कोरडी सुई म्हणतात.

ती काम कशी करते?
सतत ताण पडला की स्नायूचा छोटा भाग आकसून राहतो. चाचपल्यावर ताठ दोरीत गाठ असावी तसे लागते. दाबले की दुखते. खांद्यातल्या गाठीची कळ डोक्यापर्यंतही जाते. साधारण पाव मिलिमीटर जाडीची भरीव सुई त्या गाठीत घालतात. स्नायू क्षणभर फडफडतो आणि सैल होऊ लागतो. आराम औषधापेक्षा सुईच्या टोचण्यानेच मिळू शकतो, असे चेक डॉक्टर कारेल लेविट यांनी १९७९ मध्ये २४१ रुग्णांच्या अनुभवावरून मांडले. सुई ॲक्युपंक्चरचीच असते, पण टोचण्याची जागा स्नायूंच्या रचनेवरून ठरवतात.

फायदा किती?
काही दिवस ते काही आठवडे दुखणे कमी होऊ शकते. कायमचा गुण येतोच, असे सिद्ध झालेले नाही. सोबत व्यायाम हवाच.

सांभाळा
- सुई नवी, बंद पाकिटातली, आपल्यासमोर उघडलेली हवी. वापरलेल्या सुईतून कावीळ ‘बी’, ‘सी’ आणि एचआयव्ही पसरू शकतो. विचारायला लाजू नका.
- छाती-पाठीत सुई खोल गेल्यास फुप्फुसाला इजा होऊ शकते. म्हणून प्रशिक्षित, नोंदणी असलेल्या फिजिओथेरपिस्टकडेच जा. जत्रेतल्या किंवा घरोघर फिरणाऱ्याकडे नको.
- गरोदर असाल किंवा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर आधी सांगा.
- सुई टोचल्यानंतर धाप लागली किंवा छातीत दुखले, तर लगेच दवाखाना गाठा.
- पाय लुळा पडणे, लघवीवरचा ताबा जाणे, तापासह पाठदुखी, छातीतून हातात जाणारी कळ, ही दुखणी सुईची नाहीत. थेट रुग्णालयात जा.

सुईनंतर एक-दोन दिवस ती जागा ठणकते, जड काम टाळावे लागते. पण एक दिवस घरी राहिले की मुकादम खाडा लावतो, मजुरी कापतो. दुसऱ्याच दिवशी तीच मोळी डोक्यावर आली, तर सुटलेली गाठ पुन्हा बसणार. म्हणून खाड्याविना विश्रांती हाही उपचारच आहे. यंदा उचल घेताना, ठरलेल्या बोलीत ही अट सगळ्यांनी मिळून घाला.