पगडी आणि मेटल डिटेक्टर

हातखंब्याला ट्रकमधून उतरणारा सरदारजी बघून आपण कोणी दचकत नाही. अमेरिकेत मात्र ११ सप्टेंबर २००१ नंतर चारच दिवसांत, ॲरिझोनातल्या मेसा शहरात बलबीरसिंग सोधींना त्यांच्याच पेट्रोल पंपावर गोळ्या घातल्या गेल्या. पगडी-दाढी बघून मारेकऱ्याला ते अरब वाटले!

आता मशीनचं बघा. धातूत एडी करंट निर्माण झाला की मेटल डिटेक्टर बीप करतो. सुती पगडीत तो होतच नाही. पण स्फोटक म्हणजेही धातू नव्हे, म्हणून हाताने तपासणी. पगडीला परक्याचा हात लागणं शिखाला अपमानाचं. त्यावर पर्याय निघाला: पगडी स्वतःच चाचपायची, मग हात पुसून स्फोटकांचे कण तपासायचे. २०१० मध्ये ह्यूस्टन विमानतळावर संयुक्त राष्ट्रांतले भारताचे प्रतिनिधी हरदीपसिंग पुरींनी हेच सांगितलं, तरी त्यांना थांबवून ठेवलंच.