पतन आणि प्रमाण

प्रयोगशाळेंतून परतलेला विद्यार्थी गुरुत्वत्वरण ९.८ आलें असें सांगतो, तेव्हां घरांतील वडील मंडळींनीं त्यास "तें मोजलेंस कसें?" असें अवश्य विचारावें, असें आम्हांस वाटतें.

भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ ग्रंथांत पृथ्वीच्या आकर्षणशक्तीचा निर्देश केला आहे. त्याचा अभिमान आम्हांस आहेच; परंतु पदार्थ किती काळांत किती पडतो, हें प्रमाण मोजून दाखविलें तें गॅलिलिओनें. सरळ पडणारी वस्तु डोळ्यांस गवसत नाहीं. म्हणून त्यानें उतरत्या फळीच्या पन्हळींतून गोळी सोडून गति मंद केली व भांड्यांतून गळलेलें पाणी तोलून काळ मोजला. काळ दुप्पट तर अंतर चौपट, तिप्पट तर नऊपट, हा नियम त्याच्या १६३८ च्या ग्रंथांत आहे.

शाळेंतील प्रयोगही हाच धडा देतो. दोन मीटरांवरून सोडलेली गोळी सुमारें ०.६४ सेकंदांत भुईस टेंकते. विरामघड्याळ थांबविण्यास दशांश सेकंद उशीर झाला, कीं उत्तर ७.३ च्या आसपास येतें. मग पुष्कळ विद्यार्थी वहींत पुस्तकी आंकडा लिहून मोकळे होतात. त्यांस गुण मिळतात, पण विद्या मिळत नाहीं. आलेला आंकडा तसाच लिहून चूक कोठें झाली हें शोधणारा, आणि उंची वाढवून किंवा उतरणीचा आश्रय करून पुन्हां मोजणारा विद्यार्थीच खरें शास्त्र शिकतो. सुज्ञ वाचकांनीं आपल्या मुलांच्या प्रयोगवह्या या दृष्टीनें एकदां तरी पाहाव्या.