सालदाराचा मुलगा सालदारच का?

बापाच्या परिस्थितीवरून मुलाची परिस्थिती किती ठरते, हे सामाजिक गतिशीलतेतून मोजले जाते. ब्रिटनमध्ये 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 1958 आणि 1970 मध्ये जन्मलेल्यांची तुलना झाली. नंतरच्या पिढीला वर चढणे अधिक अवघड गेल्याचे दिसले आणि राजकीय वाद पेटला. खानदेशात हा प्रश्न त्याआधीच रस्त्यावर आला होता.

तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील (1998 पासून नंदुरबार) शहादा तालुक्यात भिल्लांच्या कितीतरी जमिनी कर्जापायी सधन शेतकऱ्यांकडे गेल्या. कालचा जमीनधारक सालदार, म्हणजे सालाने बांधलेला शेतमजूर झाला. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) वर्षाचा करार होई, त्यावर उचल घेतलेली असे. ती फिटली नाही की पुढचे सालही त्याच मालकाकडे. पोरे गुरांमागे जात, शाळा राहून जाई. अशा गरिबीला आळस कारण देणे हा शुद्ध अन्याय.

याविरुद्ध आदिवासी नेते अंबरसिंग महाराज यांनी भिल्लांना संघटित केले. 1972 मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. मागण्या जमिनीच्या आणि मजुरीच्या होत्या. स्त्रियांनी तर दारूचे गुत्तेही फोडले. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा महाराष्ट्राचा 1974 चा कायदा 1 नोव्हेंबर 1975 पासून अमलात आला.