विंचू, वही आणि माझी पुतणी

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मध्यंतरी एका हायस्कुलात बक्षीस समारंभाला पाहुणा म्हणून गेलो होतो. कवीला अशा वेळी बोलावतात ते दोन कविता ऐकवाव्यात आणि वेळेत संपवावं एवढ्यासाठी. कविता झाल्यावर मी नववी-दहावीच्या मुलांना विचारलं, पुढे काय व्हायचंय? मुलींमधून 'डॉक्टर' असा आवाज आला. मुलांत कुणी इंजिनिअर, कुणी पोलीस, आणि आमच्या कोकणातला प्रदेश असल्यामुळे कुणी नुसतंच 'गल्फ'. मी म्हटलं, संशोधक कुणालाच नाही का व्हायचं? मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "सर, शोधून झालंय सगळं!" हशा पिकला. मीही हसलो. घरी येईपर्यंत मात्र ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. आज मी बोलतोय ते त्या मागच्या बाकाशी.

मी बी.ए. झालेला माणूस. विज्ञानावर बोलायचा मला काय अधिकार? अधिकार एवढाच, की एका न लागलेल्या शोधाची किंमत आमच्या घराने मोजली आहे.

१९७९ चा ऑक्टोबर. भातकापणी चालू होती. श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या गावी माझा चुलतभाऊ पेंढा उचलत होता. वय वर्षं अकरा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याच्या बोटाला लाल विंचू डसला. गावात विंचू उतरवणारे एक बुजुर्ग होते, त्यांनी मंत्र घातला. दादींनी दुवा पढून फुंकर मारली. थोड्या वेळाने भाऊ म्हणाला, ठणका कमी झाला. घरभर हुश्श झालं. पण त्याचा सदरा घामाने भिजला होता, उलट्या होत होत्या आणि हातपाय गार पडले होते. रात्री त्याला धाप लागली. बैलगाडी, मग एका ओळखीच्यांचा ट्रक, मग दवाखाना. डॉक्टरांनी त्यांच्यापाशी होतं ते सगळं केलं. पहाटे तो गेला. दोष कुणाला देणार? आपल्याकडच्या या विंचवाच्या विषावर नेमकं काय द्यायचं, हे तेव्हा डॉक्टरांच्या पुस्तकातच नव्हतं.

म्हणजे १९७९ साली 'सगळं शोधून' झालेलं नव्हतं.

गंमत अशी, गंमत कसली, पण त्याच सुमारास आमच्याच जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर याच प्रश्नाशी झुंजत होता. डॉ. हिंमतराव बावस्कर. मूळचे मराठवाड्यातले, आजच्या जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. शिक्षण नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात. १९७६ साली ते बिरवाडीला आले आणि विंचूदंशाची माणसं त्यांच्यासमोर मरू लागली. डॉक्टरच्या आयुष्यात मृत्यू येतोच. दुसरा कुणी म्हणाला असता, इथे साधनं नाहीत, बदली करून घ्यावी. बावस्करांनी नोंदी ठेवायला सुरुवात केली. रुग्णाजवळ थांबायचं आणि लिहायचं: दंश कधी झाला, घाम कधी सुटला, नाडी किती, रक्तदाब किती, हातपाय गार केव्हा पडले, धाप कधी लागली.

अशा नोंदींतून हळूहळू एक चित्र उभं राहिलं. ते समजून घेण्यासारखं आहे. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंच्या टोकांना चिथावतं. आपण घाबरलो की शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारखी द्रव्यं थोडी थोडी सुटतात. या विषाने ती धरण फुटल्यासारखी सुटतात. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय गार. आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं, रक्त मागे तुंबतं आणि पाणी फुप्फुसात उतरतं. माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो. आणखी एक: ज्यांच्या अंगात विष भिनतं अशा अनेकांना दंशाच्या जागी फारशी वेदना नसते. माझ्या भावाचा ठणका कमी झाला तेव्हा आम्ही शुक्र मनवला होता. तो कमी झालेला ठणका दिलासा नव्हता, हे मला पंचवीस वर्षांनी कळलं.

लक्षणांविषयीचा बावस्करांचा लेख १९८२ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पण लक्षणं कळली म्हणजे औषध मिळालं असं नव्हे. रोग जर आवळण्याचा असेल तर सैल करणारं काहीतरी हवं. आधी त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरलं. ते शिरेतून द्यावं लागतं, सतत रक्तदाबावर नजर ठेवून. खेड्यातल्या दवाखान्यात रोज ते जमणार कसं? मग त्यांचं लक्ष प्रॅझोसिनकडे गेलं. ही रक्तदाबाची गोळी, आधीपासून बाजारात असलेली आणि स्वस्त. ती नेमकी त्या आवळणाऱ्या क्रियेच्या आड येते. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच त्याबद्दल लिहिलं. या गोळीपूर्वी पश्चिम भारतातल्या गंभीर विंचूदंशाच्या रुग्णांत शंभरातले २५ ते ३० दगावत. गोळीनंतर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं.

आणि तिथे ते थांबले नाहीत. पुढे विंचवाचं प्रतिविष उपलब्ध झालं तेव्हा प्रश्न आला, की नुसती गोळी बरी की गोळी आणि प्रतिविष दोन्ही? रुग्णांचे दोन गट करून पाहिलं. दोन्ही दिलेले लवकर बरे झाले. हा निष्कर्ष २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. आपल्याच उपचारापेक्षा चांगलं काही आहे का, हे स्वतःच तपासायला मोठं मन लागतं. (आम्हा कवींना हे जमत नाही. आपल्या कवितेपेक्षा चांगली कविता आम्ही शोधायला जात नाही.) बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

आता मागच्या बाकावरचा मुलगा म्हणेल, झालं ना मग? विंचू सुटला. बरं, सापाचं घे. आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. लस आहे ना, म्हणशील. आहे, पण ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारच सापांवर बेतलेली. त्यासाठी लागणारं विष बरंचसं तमिळनाडूतल्या इरुला लोकांच्या सहकारी संस्थेतून येतं, आणि घोणस एकच असली तरी तिचं विष प्रांताप्रांतात बदलतं. तिथल्या विषावर बनलेली लस इथल्या सापावर किती चालते, हे काम अजून चालू आहे. तुझ्यासाठी शिल्लक आहे.

आता पुतणीची गोष्ट. ती बारावीला आहे. तिला प्रयोगशाळेत काम करायचंय, आणि माझ्या धाकट्या भावाला ती डॉक्टर व्हायला हवी. संशोधन करायला आधी डॉक्टर व्हावं लागतं, असा त्याचा समज. मी त्याला डॉ. कमल रणदिवे यांचं उदाहरण दिलं. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या. वडिलांची इच्छा मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं. कमलबाईंनी फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं, लग्न गणितज्ञाशी केलं, आणि एम.एस्सी.ला अभ्यासल्या त्या सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशी! तिथून त्या मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये गेल्या, शरीराबाहेर पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा तिथे उभी केली आणि स्तनाच्या कर्करोगावर काम केलं. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

भावाने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोटापाण्याचं काय?" प्रश्न रास्त आहे, आणि मुलांपासून तो लपवू नये. पदवी, एम.एस्सी., मग पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं. तिशी जवळ येते. पुण्याच्या आयसरसारख्या संस्थेत बारावीनंतर पाच वर्षांत बी.एस.-एम.एस. होतं, तिथली प्रवेशपरीक्षा वेगळी असते. राष्ट्रीय पातळीची परीक्षा देऊन कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली, तर २०२३ पासून तिचा दर महिना ३७ हजार रुपये आणि घरभाडं असा आहे. ती कधी कधी उशिरा हातात पडते, हेही खरं. श्रीमंत व्हायचं असेल तर हा रस्ता नाही. पण उपाशी राहण्याचाही नाही.

एक गोष्ट मात्र दहावीच्या मुलांना आजच सांगतो: जीवशास्त्र आवडतं म्हणून अकरावीत गणित सोडू नका. आमच्याकडे ती फॅशन आहे. गोळी बरी की गोळी आणि प्रतिविष, हे शेवटी आकडेच सांगतात. आणि रायगडच्या मुलांनी लक्षात ठेवावं, कर्करोगावर संशोधन करणारी ॲक्ट्रेक ही संस्था आपल्याच जिल्ह्यात, खारघरला आहे. शाळेने पत्र लिहून विचारावं, मुलांना पाहायला आणू का म्हणून. नाही म्हणतील, दुसं काय?

परवा पुतणी माझ्याकडे आली. आयसरचा अर्ज भरलाय म्हणाली, बाबांसाठी नीटचाही. मग म्हणाली, "चाचा, तुमच्या त्या भावाला घाम किती वाजता सुटला होता? दंशानंतर किती वेळाने?" मी काय सांगणार? या घटनेवर मी एक कविता लिहिली आहे, तिच्यात चंद्र आहे, पेंढा आहे, वेळ नाही. मी गावी चाचींना फोन लावला. त्या ऐंशीच्या घरात आहेत, कालचं जेवण आठवत नाही. मुलाबद्दल विचारावं की नाही, घुटमळलो. पण त्या लगेच बोलू लागल्या. मगरिबची अजान व्हायच्या जरा आधी डसला. अजान संपली तेव्हा सदरा ओला होता, मी स्वतः बदलला. इशाच्या वेळी पहिली उलटी. बारानंतर धाप. फजरच्या अजानीपर्यंत होता.

पुतणीने फोन स्पीकरवर ठेवायला लावला होता. ती वहीत लिहून घेत होती.