नील-हरित शैवले आणि कार्बन डाय-ऑक्साइड

पाणी साचलेल्या भातखाचरात पुष्कळदा निळसर-हिरवा थर दिसतो. तो बहुधा नील-हरित शैवलांचा असतो. नावाने शैवले असली, तरी वस्तुतः हे जीवाणू होत. यांतील अनेक जाती हवेतील नायट्रोजन स्थिर करून जमिनीचा कस राखतात. भातशेतीतील हे त्यांचे कार्य पी. के. डे या भारतीय शास्त्रज्ञाने १९३९ साली दाखवून दिले.

वनस्पतींप्रमाणेच हे जीवही प्रकाशसंश्लेषण करतात व त्यासाठी त्यांना कार्बन डाय-ऑक्साइड लागतो. खाचराच्या पाण्यात त्याचे प्रमाण रोज पालटते. रात्री सर्व जीवांच्या श्वसनामुळे तो साठतो. सूर्य वर येताच झपाट्याने संपू लागतो. मग पाणी अल्कधर्मी बनते आणि उरलेला कार्बन मुख्यतः बायकार्बोनेटच्या रूपात राहतो. परंतु कार्बन पकडणारे रुबिस्को हे एंझाइम बायकार्बोनेट वापरू शकत नाही. शिवाय कार्बन डाय-ऑक्साइड अपुरा पडला, की ते चुकून ऑक्सिजनच धरते व श्रम वाया जातात.

या अडचणीवर नील-हरित शैवलांनी दुहेरी उपाय योजलेला आहे. पेशीच्या पटलातील प्रथिनांचे पंप बायकार्बोनेट आत ओढतात. आत कार्बोक्सिसोम नावाच्या प्रथिनांच्या सूक्ष्म पेटीत रुबिस्को बंदिस्त असते. तेथे दुसरे एक एंझाइम बायकार्बोनेटपासून कार्बन डाय-ऑक्साइड मुक्त करते. त्यामुळे रुबिस्कोभोवती त्याचे प्रमाण बाहेरच्या हजारपटीपर्यंत वाढू शकते. पेशी कार्बनचा असा संचय करते, हे कॅप्लान, बॅजर व बेरी यांनी १९८० साली ॲनाबीना या शैवलात दाखविले.

पंप चालविण्यास ऊर्जा खर्चावी लागते. म्हणून विपुलतेच्या काळी थोडेच पंप काम करतात. टंचाई जाणवताच काही तासांत अधिक समर्थ पंप तयार होतात.

भाताच्या रोपाजवळ अशी यंत्रणा नाही. ती पिकांत आणता आली, तर उत्पन्न वाढेल, अशी शास्त्रज्ञांना आशा आहे. २०१८ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तंबाखूच्या हरितलवकांत साधे कार्बोक्सिसोम निर्माण केले. ती रोपे वाढली. पण हवेत जादा कार्बन डाय-ऑक्साइड पुरवावा लागला, कारण पंप नव्हते. कणगी बांधली, तरी धान्य आणणाराही हवाच.